वीतभर भिंत

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन वस्तूंची शोधाशोध सुरू होते. एक लाकडी पाट आणि दुसरा दातांचा जुना ब्रश. त्या पाटावर बसून, भिंतीच्या कडेकडेने सरकत, मी साऱ्या घराची तळपट्टी पुसते. फरशी जिथे संपते आणि भिंत जिथे सुरू होते तिथे फरशीचीच चारएक इंच उंचीची जी पट्टी उभी बसवलेली असते, ती. फरशीवाले तिला स्कर्टिंग म्हणतात. आमच्या घरात तिला बरीच वर्षे काही नावच नव्हते. 'ते खालचं' एवढ्यावर भागत असे.

या कामाला पाच खोल्यांना तीन दिवस लागतात. "दिवाळीला येणारा माणूस फराळाच्या ताटाकडे पाहतो, भिंतीच्या पायाकडे कोण पाहतो?" असे आमच्या घरात दर वर्षी एकदा ऐकवले जाते. ऐकवणारे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना निरीक्षण भरपूर आणि काम बेताचे. मी उत्तर देत नाही. पट्टी पुसताना मान खाली असते, त्याचा हाही एक फायदा.

ज्यांनी हे काम केले नसेल त्यांना ते सोपे वाटेल. पट्टी भिंतीच्या गिलाव्याहून अर्धा इंच पुढे आलेली असते. म्हणजे तिच्या माथ्यावर घरभर एक अरुंद फळीच तयार होते. वर्षभर उडणारी धूळ, कापसाचे तंतू, केस सारे तिथे बसते. शिवाय रोज फरशी पुसणारा हात कडेला आला की मळके पाणी पट्टीवर लोटतो. ते वाळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळते, आणि त्याचा करडा थर होतो. यावर कोणी एकदम ओले फडके फिरवले तर धुळीचा चिखल होऊन सांध्यांत बसतो. आधी कोरड्या कपड्याने माथा झाडायचा, कोपरे ब्रशने खरवडायचे, मग साबणाच्या कोमट पाण्यात पिळलेले फडके, आणि शेवटी कोरडे. लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये. सांध्यातले सिमेंट ते खाते. दारांच्या चौकटी सागवानी असतील तर त्यांना पाण्याचा हातच कमी लावायचा आणि नंतर जवसाच्या तेलाचे बोट फिरवायचे. हे सारे मी फार उशिरा शिकले. त्याआधी कितीतरी वर्षे मी फक्त दुसऱ्याला सांगत होते.

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातच, लाखांदूरकडच्या एका खेड्यात. घर मातीचे. कोजागिरी झाली की आई भिंतींना हात घाली. पावसाने जिथे जिथे पोपडे धरलेले असत तिथे माती, शेण आणि धानाचा कोंडा एकत्र मळून लिंपण. ते वाळले की पांढऱ्या मातीचे पोतेरे. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीच्या तळाशी, वीतभर उंचीचा गेरूचा पट्टा. मातीच्या घराला तो शोभेसाठी नसतो, निदान केवळ शोभेसाठी नसतो. सारवताना उडणारे शिंतोडे, अंगणातून येणारी पावले, टेकून ठेवलेल्या सुपा-टोपल्या, सारे त्या वीतभरावरच येते. पांढऱ्या भिंतीवर ते दिसले असते. गेरूत खपून जाते.

पण आईची सारी प्रतिष्ठा त्या पट्ट्याच्या वरच्या रेघेत असे. दोरी नाही, पट्टी नाही; चिंधीचा बोळा गेरूत बुडवून ती एका दमात खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. आमच्या भागात भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, पाळणे लागतात, आणि मुख्य म्हणजे लेकीबाळी, व्याही-विहिणी घरी उतरतात. हलका धान तोवर कापून झालेला असतो, हातात थोडा पैसा असतो. त्या पाहुण्या बायका ओसरीवर बसल्या की चहाआधी त्यांची नजर भिंतीच्या पायाशी जाई. कुणी बोलत नसे. पण रेघ वाकडी असली तर त्या घरची सून आळशी, हा निकाल मंडई उठायच्या आत गावभर झालेला असे.

ही नजर मी माहेराहून घेऊन आले. भंडाऱ्यात आम्ही फ्लॅट घेतला तो तळमजल्यावर, कारण ह्यांचे गुडघे. पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेले हे गाव, त्यामुळे घासूनपुसून चकचकीत ठेवण्याचा वसा शेजारीपाजारीही होताच. पुढे माझेही गुडघे त्यांच्या गुडघ्यांना साथ देऊ लागले, तेव्हा केरफरशीला बाई ठेवली. बाई कामाला स्वच्छ, बोलण्यात कमी, सुट्ट्या बेताच्या. दोष एकच, तळपट्टीला तिचा हात म्हणून लागत नसे. फडके पट्टीपर्यंत जाई आणि तिथून सासुरवाडीहून परतल्यासारखे मागे फिरे. मी सांगे, ती "हो जी" म्हणे, एक दिवस पुसे, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

२०२० चा ऑगस्ट संपत आला तेव्हा वैनगंगेला पूर आला. करोनाचे दिवस, घरात दहा दिवसांचा गणपती, दार बंद. शनिवारी, २९ तारखेला, मध्य प्रदेशातल्या धरणांतून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. खाली गोसीखुर्दची तेहतीसही दारे उघडली होती, तरी पाणी उतरेना. आमच्या घरात ते दारातून आले नाही. न्हाणीघराच्या जाळीतून आले, अगदी पाहुण्यासारखे हळू. आधी पट्टी बुडाली, मग वीतभर भिंत. आम्ही गणपती उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेला आणि स्वतःही तिथेच राहिलो.

पाणी ओसरल्यावर दार उघडले तर फरशीवर साय धरावी तसा गाळ बसलेला. मी तशीच उंबरठ्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी, मी बोलावले नसताना, तोंडाला पदर बांधून बाई आली. तिने आल्याबरोबर खराटा मागितला. गाळ ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की तो सिमेंटासारखा धरतो, हे तिला माहीत होते, मला नव्हते. दोन दिवस आम्ही दोघी गाळ ओढत होतो. भिंतीवर, गुडघ्याच्या चार बोटे खाली, पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. दोरी न लावता इतकी सरळ रेघ मी आईच्या हातची सोडून कुठे पाहिली नव्हती.

मी म्हटले, "बाई, बघा, काय दशा झाली घराची."

ती खराटा न थांबवता म्हणाली, "तुमच्या घरचं पाणी गेलं तरी काकू. आमच्या घरात आलं ते अजून तिथंच हाये."

तेव्हा मला कळले की ती गोसीखुर्दच्या बुडिताखालच्या गावची. त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, तेव्हा ती शाळेत जाणारी पोर होती. पुढे त्याच गावात तिचे लग्न झाले, मुले झाली, आणि मग पाणी वर वर आले. आठ वर्षे ती माझ्या घरी येत होती. मी तिला पट्टीविषयी पन्नास वेळा विचारले असेल, घराविषयी एकदाही नाही.

हे समजल्यावर मी सुधारले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. पुराने भिंतींना लोणा लागला. भिंतीत शिरलेले पाणी वाळताना आतले क्षार बाहेर आणते, रंग फुगतो, पांढरी भुकटी पट्टीवर पडते. दोनदा रंग दिला, दोनदा सुटला. माझा सारा राग त्या भुकटीवर, आणि भुकटी पुसत नाही म्हणून बाईवर. दोन वर्षांनी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, घरी पाहुणे बसलेले असताना मी तिला म्हणाले, "तुमच्या घरच्या भिंती अशाच ठेवता का हो?"

बोलून गेले आणि जिभेवर चटका बसल्यासारखे झाले. बाईने फडके पिळले, बादली उचलली, म्हणाली, "नाई जी." बस्स, इतकेच. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. मीच तिच्याकडे पाहू शकत नव्हते.

चार दिवस गेले आणि ती म्हणाली, "काकू, आमच्याकडं मंडई हाये. तुम्ही दोघंही या." मला आधी वाटले, ही टोमणा मारते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर तसे काही नव्हते.

आम्ही ऑटो करून गेलो. पुनर्वसनाचे गाव म्हणजे कागदावर आखावे तसे: सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, झाडे अजून लहान. तिचे घर विटांचे, बाहेरून गिलावाही नाही. आत गेले आणि उभीच राहिले. चुन्याने पांढऱ्या केलेल्या सिमेंटच्या भिंतीच्या पायाशी, चारही बाजूंनी, वीतभर गेरूचा पट्टा होता. रेघ सरळ. मी नकळत वाकून पाहिले, आईच्या ओसरीवर बायका पाहत तशी. आणि बाईने मला पाहताना पाहिले.

"सिमेंटावर धरत नाही गेरू," ती म्हणाली. "दोन महिन्यांत निघून जाते. मंग अजून लावते."

चहा झाला. लाडू झाले. मी धीर करून म्हटले, "मग माझ्याकडची पट्टी काहून नाही पुसत तुम्ही?"

ती हसली. बाहेर दंडारीची ढोलकी सुरू झाली होती, म्हणून तिला जरा मोठ्याने बोलावे लागले. "पाच घरं हायेत काकू. एका घराले पाऊण घंटा. फरशी तुम्ही रोज पाह्यता, पट्टी दिवाळीले पाह्यता. खाली बसून पुसाची, त उठाले माझे गुडघे नाई म्हणतात." मग थोडे थांबून म्हणाली, "हे मात्र बसून करते. एकडाव बसली का झालं, उठाची घाई नसते."

तिच्याही गुडघ्यांना काही दुखणे असेल, हे मला कधी सुचले नव्हते. परतताना ऑटोत हे म्हणाले, "रेघ चांगली होती हो." या गृहस्थांनी आयुष्यात प्रथमच भिंतीच्या पायाकडे पाहिले होते.

तेव्हापासून तळपट्टी माझी. बाईचा पगार वाढवला, आणि तो खरे तर आधीच वाढवायला हवा होता. पाटावर बसून सरकता सरकता पट्टीवर काय काय सापडते: मुलाच्या मुलीने सायकलचे चाक घासून केलेला काळा फराटा, ह्यांच्या काठीच्या टोकाच्या टिचक्या, आणि कपाटामागच्या सांध्यात, इतक्या वर्षांनी अजूनही, वैनगंगेचा बारीक, मऊ गाळ. ब्रशने तो निघतो.

परवा मी बैठकीची खोली संपवून, घाम पुसत, अभिमानाने पाहत बसले होते. बाई केर काढायला आली. तिने झाडू भिंतीशी टेकवला, कमरेवर हात ठेवून डावीकडून उजवीकडे सारी पट्टी पाहून घेतली आणि म्हणाली, "कोपरा राहिला जी."

मी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. ती चहा टाकायला आत गेली.