येडशीच्या शाळेत इंग्रजीचा पाठ

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगरात येडशी वसले आहे. जवळच दरीत रामलिंगाचे देवालय आहे. रावणाशी झुंजलेल्या जटायूचे अंत्यविधी रामाने इथेच केले, असे गावकरी सांगतात. श्रावणात भाविकांची रीघ लागते. माकडे तर हातातला प्रसाद पळवतात. १९९७ पासून हे रान अभयारण्य आहे.

परकी भाषा या गावाला नवी नाही. १९४८ पर्यंत येडशी निजामाच्या राज्यात, तर शेजारची बार्शी इंग्रजांच्या. इकडचा सरकारी कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतच. १९११ साली बार्शी लाईट लातूरपर्यंत गेली, ती येडशीवरूनच. अडीच फुटी रुळांची ती गाडी जाऊन आता मोठी गाडी आली. पण तिकीट, सिग्नल, गार्ड हे शब्द आपल्या बोलीत कायमचे उतरले.

आम्ही छात्राध्यापक सराव पाठांसाठी इथे आलो, तेव्हा माझ्याकडे पाचवीचे इंग्रजी आले. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली. तरी घरी-शिवारात ती कानावर पडत नाही. पोरांना ती लंकेइतकी दूर वाटते. म्हणून पुस्तक बाजूला ठेवून मी विचारले, “तुमच्या रानात कोणकोणते इंग्रजी शब्द राबतात?”

मोटर, पंप, स्टार्टर, पाइप, ट्रॉली, स्प्रे... बघता बघता फळा भरला. मग एका मुलीने विचारले, “सर, फवारणीच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?”

मी फळ्यावर चौकट काढली. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल खुणेच्या डब्यावर कवटी आणि ‘पॉयझन’ हा शब्द असतो. पॉयझन म्हणजे विष.

मुलगी हळूच म्हणाली, “आमचे आबा तर असल्याच रिकाम्या डब्यात रानात पाणी नेतेत.”

वर्ग गप्प झाला. तो शब्द सर्वांनी वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले, “आबांनी डब्याला भोकं पाडून तो गाडून टाकला.”

तेव्हा मंडळी, फवारणीआधी डबा मोठ्यांनी धरावा आणि अक्षरे पोरांकडून वाचून घ्यावीत. न समजलेला शब्द त्यांनी शाळेत जरूर विचारावा.