एकाच तारेचा संच

आईला कमी ऐकू येऊ लागले. टीव्हीवरील संवाद कळेनात, म्हणून ती आतल्या खोलीतच बसू लागली. तेव्हा आम्ही ध्वनिसंच घेण्याचे ठरविले. ५.१ म्हणजे पाच स्पीकर व एक सबवूफर. त्यांच्या तारा ओटीभर पसरणार आणि आईची काठी त्यांत अडकणार! 'बिनतारी' मागील स्पीकरांनाही बहुधा विजेची तार लागतेच, हे दुकानात उमगले. अखेर ३.१ साउंडबार निवडला. त्यात मधला स्पीकर स्वतंत्र असतो आणि चित्रपटांतील संवाद प्रामुख्याने तेथूनच येतात. टीव्हीला एकच एचडीएमआय तार. सबवूफर कोपऱ्यात, कारण खर्जाची दिशा कानाला फारशी कळत नाही. चोहोबाजूंनी घुमणाऱ्या नादाला आम्ही मुकलो खरे, पण त्या रात्री "काय म्हणाला तो?" असे आईने एकदाही विचारले नाही.