चढ तोच, चाक नवं

यंदाच्या संक्रांतीला तिळगूळ घेता घेता निदान चार घरांतून एकच प्रश्न आला, "तुमच्या सायकलचं काय चाललंय म्हणे?" मागे जेवणाची रांग खोळंबली होती, त्यामुळे हॉलच्या दारात उभं राहून प्रत्येकाला सगळं सांगणं जमलं नाही. संपादकांनी "मग लिहूनच द्या की" म्हणत दोन पानं आमच्या नावावर टाकली. म्हणून ही हकिगत.

सायकल मुळात आमची नाही, लेकीची. ती नोकरीसाठी ग्लासगोला गेली आणि सायकल आमच्या शेडमध्ये राहिली. काळी, सडपातळ, पोलादी फ्रेमची आणि 'फिक्स्ड'. आपल्याकडच्या सायकलला फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि मागून ते ओळखीचं टिकटिक ऐकू येतं. फिक्स्डमध्ये ती सोय नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा आणि उतारावर पाय नको म्हणाले तरी गरगरत राहणार. तरुणांना ही सायकल साधी, हलकी आणि न बिघडणारी म्हणून आवडते. त्यात तथ्य आहेच.

२०२१ साली आम्ही घरातली दुसरी गाडी विकली, तेव्हा ही सायकल लेकीच्या आईने वापरायला घेतली. (या लेखात आम्ही दोघे 'आम्ही' आहोत. वेगवेगळं सांगायची वेळ आली की लेकीच्या भाषेत 'आई' आणि 'बाबा'.) आईला सायकल नवी नाही. बिल्ला, डायनामो आणि डबलसीटच्या काळातलं पुणं तिने सायकलवरूनच पाहिलं आहे. आमचा बीस्टन ते शहर हा रस्ता निम्म्याहून अधिक सरळ आहे. युनिव्हर्सिटी बुलेव्हार्ड म्हणजे पोळपाट! शेजारून २०१५ पासून ट्राम धावते, तिच्याशी शर्यत लावावी असा. पण लेंटन ओलांडून डर्बी रोडला लागलं की कॅनिंग सर्कसपर्यंत चढ. आपल्यापैकी जे नॉटिंगहॅममध्ये राहतात त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको.

चार हिवाळे निभावले. पाचव्यात आईचा उजवा गुडघा बोलू लागला. जीपींनी तपासून सांगितलं, सायकल सोडू नका, पण चढावर गुडघ्यावर एवढा जोर देऊ नका. आता एकच गिअर असलेल्या सायकलवर जोर कमी कसा द्यायचा? चढ काही सपाट होणार नव्हता. उतरून ढकलत न्यायचं, नाहीतर बस. आणि सत्तावन्नाव्या वर्षी एकदा सुटलेली सायकल पुन्हा हाती येत नाही, हे आम्ही दोघांच्याही घरी वडीलधाऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं. काळजी गुडघ्याची होती तेवढीच त्याचीही.

गिअर बसवायचे ठरले. फोनवर लेक म्हणाली, "आई, फिक्सीला गिअर? मग ती फिक्सी कुठे राहिली?" खरं सांगायचं तर आमच्याही मनात तसंच काहीसं होतं. आम्ही ज्या घरांतून आलो तिथे भर उन्हात, उलट्या वाऱ्यात, कॅरिअरवर दळणाचा डबा बांधून बिनगिअरची सायकल हाणणं हा अभिमानाचा विषय होता. गिअरची सायकल म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे लाड. ते संस्कार चाळीस वर्षं परदेशात काढूनही जात नाहीत. कमी कष्टात काम झालं की आपण काहीतरी चोरलं असं वाटतं.

शेवटी निर्णय गुडघ्याने घेतला. प्रश्न राहिला कोणते गिअर?

रस्ते दोन. एक म्हणजे बाहेरचे गिअर, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते ते. त्याला मागच्या बाजूला फ्रेममध्ये १३० मिलिमीटर जागा लागते. फिक्स्ड सायकलीत ती १२० असते. पोलादी फ्रेम जाणकाराकडून रुंद करून घेता येते, ॲल्युमिनियमची मुळीच करू नये. शिवाय डिरेलर अडकवायला या फ्रेमला कानही नसतो. दुसरा रस्ता म्हणजे हब गिअर. सगळं यंत्र मागच्या चाकाच्या पोटात, बाहेरून एकच चक्र आणि एकच साखळी. फिक्स्ड सायकलच्या फ्रेमला मागच्या बाजूने उघड्या खाचा असतात, चाक मागे ओढून साखळी ताणता येते. हब गिअरला नेमकं तेच हवं असतं.

आणि हब गिअरचं माहेर तर आमच्या वाटेवरच! स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब १९०२ सालापासूनचा, नॉटिंगहॅमचा. रॅले आणि स्टर्मी-आर्चर ही एकाच घरातली भावंडं. आईच्या रस्त्याच्या उत्तरेला ट्रायम्फ रोडवर जिथे रॅलेचा कारखाना होता, तिथे आज विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. २००० साली स्टर्मी-आर्चर इथे बंद पडली आणि तैवानच्या सनरेसने ती घेतली. रॅलेचं इथलं उत्पादन २००२ साली थांबलं. नवे हब तैवानहून येतात आणि चांगले असतात. पण आम्हाला जुना मिळाला, त्याची गोष्ट अशी.

आमच्या भागातल्या एका दुरुस्तीच्या शेडमध्ये एक आजोबा येऊन बसतात. वय पंच्याऐंशीच्या घरात. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी त्याच कारखान्यात हब जुळवले. 'ए अप, मी डक' म्हणून आमचं स्वागत झालं. इकडचं हे 'काय म्हणता, राव!' त्यांनी खोक्यातून एक हब काढला, फडक्याने पुसला आणि बोट ठेवून दाखवलं. 'एडब्ल्यू', आणि खाली ७९ आणि ८. म्हणजे ऑगस्ट १९७९. त्या हबांवर महिना आणि वर्ष कोरलेलं असायचं. एडब्ल्यू हा नमुना १९३६ सालचा. आजोबा म्हणाले, हा कदाचित माझ्याच हातून गेला असेल. किंमत सांगितली वीस पौंड.

भोकं मोजली तर छत्तीस. हे मोजावंच लागतं. जुन्या इंग्लिश सायकलींना मागच्या चाकात चाळीस आरे आणि पुढच्यात बत्तीस असत, आणि चाळीस भोकांची रिम आता शोधावी लागते. चाळीस-बत्तीस ऐकून बाबा चमकले. मिरजेला त्यांच्या वडिलांच्या काळ्या सायकलला हाच हिशोब होता, लहानपणी फडक्याने आरे पुसताना मोजलेला. साहेबाची रीत आपल्याकडे आली आणि साहेबाने सोडली तरी आपण धरून ठेवली.

आजोबांनी हब उघडून दाखवला. आत चक्क ग्रहमाला आहे. मधोमध एक्सलवर वीस दात्यांचा 'सूर्य', तो फिरत नाही. भोवती चार 'ग्रह', आणि त्यांना वेढणारं साठ दात्यांचं कडं. ग्रहांच्या पिंजऱ्याला फिरवलं की त्याच्या तीन फेऱ्यांत कडं चार फेऱ्या घेतं, म्हणजे वेग वाढला. उलट कडं फिरवलं तर त्याच्या चार फेऱ्यांत पिंजरा तीनच घेतो, म्हणजे जोर वाढला. मधल्या गिअरमध्ये चक्र आणि चाक बरोबरीने फिरतात. केबल ओढली की आतली एक किल्ली सरकते, आणि कोणी कोणाला फिरवायचं ते ठरतं. बस, एवढंच!

चाक बांधायला दोन शनिवार गेले. छत्तीस आरे बाबांनी घातले, प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडून. आउट आजोबांनी काढला. रिम फिरवायची, कान लावायचा, निपल पाव फेरा आवळायचा. हब फ्रेममध्ये थोडा अरुंद पडत होता, ती फट दोन्ही बाजूंना वॉशर घालून भरली. एक्सल खाचेत फिरू नये म्हणून दातेरी वॉशर घालायचे, ते विसरून चालत नाही. केबलसाठी फ्रेमला कुठे भोक पाडावं लागत नाही, आवळपट्ट्या मिळतात.

आता दोन गोष्टी, ज्या सुरक्षिततेच्या आहेत म्हणून ठळक सांगतो.

पहिली ब्रेकची. इथल्या १९८३ च्या नियमांप्रमाणे सायकलला पुढे आणि मागे असे दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स्ड सायकलला पुढचा एक पुरतो, कारण मागचं काम पाय करतात. एडब्ल्यूमध्ये फ्रीव्हील आहे. तो बसवला त्या क्षणी पायांचा ब्रेक गेला, आणि मागे नवा ब्रेक बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या फ्रेमला मागच्या ब्रेकचं भोक तयार होतं. तुमच्याकडे नसेल तर ब्रेक आतच असलेला हब घ्या.

दुसरी केबलची. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं. आतल्या दांडीचं टोक एक्सलच्या टोकाशी सपाट आलं पाहिजे. जुन्या एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक पोकळ जागा असते. केबल ढिली असली की पायडल एकदम रिकामं फिरतं, आणि उभं राहून जोर लावणारा माणूस तोंडावर येतो.

आता हिशोब. पूर्वी पुढे चव्वेचाळीस दाते आणि मागे सोळा होते. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.९ मीटर जायची. हबवर आम्ही वीस दात्यांचं चक्र घातलं. आता पहिल्या गिअरमध्ये ती ३.५ मीटर जाते, दुसऱ्यात ४.७ आणि तिसऱ्यात ६.२५. म्हणजे वरचा वेग गमावला नाहीच, आणि चढावर पूर्वीच्या साठ टक्के जोरात काम होतं. खर्च असा: हब २० पौंड, रिम आणि आरे ४८, खटका आणि केबल २४, चक्र ६, मागचा ब्रेक ३२, नवी साखळी १०. एकूण १४० पौंड. आजोबांनी मजुरी घेतली नाही. पुरणपोळ्या मात्र घेतल्या.

गमावलं काय? सायकल किलोभर जड झाली. बर्फाळ सकाळी चाकाखालचा रस्ता पायाला कळायचा, ते आता तितकं कळत नाही. महिन्याला हबमध्ये चार थेंब तेल घालायला हवं. पण सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, आणि उतारावर पाय थांबवून घटकाभर नुसतं बसता येतं. डर्बी रोड उतरताना पहिल्यांदा टिकटिक ऐकू आलं तेव्हा आई म्हणाली, लक्ष्मी रोडवरून घरी चालल्यासारखं वाटलं.

चढायला आता पूर्वीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात. ती दोन मिनिटं गुडघ्याला मिळाली. आपल्या पिढीने इकडे येऊन बरेच चढ एकाच गिअरवर काढले, कारण दुसरा नव्हता. त्याचं कौतुक आहेच. पण आता हात घातला तर दुसरा गिअर मिळतो, आणि तो लावल्याने मागचे चढ खोटे ठरत नाहीत. लेकीचं जुनं चाक शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलं आहे. फ्रेमला ओरखडाही नाही. तिला हवी तेव्हा एका दुपारीत तिची फिक्सी परत मिळेल. ईस्टरला आली तेव्हा एक चक्कर मारून आली आणि एवढंच म्हणाली, "हे चाक राहू दे."

आपल्या मंडळातल्या बऱ्याच शेडमध्ये मुलांच्या अशा सायकली धूळ खात पडल्या आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. कुणाला असं चाक बांधायचं असेल तर कार्यक्रमात भेटा. आऱ्यांचे पाने आणि केबल कापायची कात्री आमच्याकडे आहे. येताना मागच्या चाकाची भोकं तेवढी मोजून या. चहा आमच्याकडे.