भाड्याने देणे आहे

सांगलीत राहणं स्वस्त आहे, असं सांगलीबाहेरची माणसं फार म्हणतात. प्लेसमेंट होऊन पुण्याला गेलेले आपले सीनियर तर फोनवर दुसरं काही बोलतच नाहीत. वाकडला टू बीएचके अठ्ठावीस हजार, वर मेंटेनन्स, वर पार्किंग, आणि तुम्ही लेको सांगलीत मजा मारताय! त्यांचं काही चुकत नाही. आम्ही फिरलो तेव्हा विश्रामबागेत नऊ ते अकरा हजारांत टू बीएचके सांगत होते, गावाच्या जुन्या भागात त्याहून कमी. चौघांत वाटलं तर भाडं मेसच्या बिलापेक्षा कमी पडतं. हिशेब बरोबर आहे. फक्त तो फ्लॅट मिळाल्यानंतरचा हिशेब आहे. मिळेपर्यंतचा वेगळ्या विषयात येतो, आणि तो विषय आपल्या सिलॅबसमध्ये नाही.

फायनल इयरला आम्ही चौघांनी हॉस्टेल सोडायचं ठरवलं. हॉस्टेलबद्दल काडीचीही तक्रार नाही (रेक्टरसर हे पान वाचतात, मला माहीत आहे). प्रोजेक्ट एकत्र, रात्री दोनचा चहा एकत्र, मग घरही एकत्र का नको, एवढंच. चौघांची खरी नावं इथे देत नाही, हॉस्टेलवर ती कुणाला ठाऊकही नाहीत. टॉवर, उंचीमुळे. अण्णा अक्कलकोटचा, कन्नड बोलतो म्हणून. मास्तरचे वडील झेडपीच्या शाळेत शिक्षक, आणि हा स्वतः परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगला शिकवतो. आणि चौथा अस्मादिक.

जूनमध्ये दोन गाड्यांवर चौघे निघालो. विश्रामबाग, शंभर फुटी रोड, कुपवाड रोड... ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी आधी नुसती दिसायची, आता वाचायला लागलो. खाली बारीक अक्षरात काय काय असतं! ‘फक्त फॅमिलीसाठी.’ ‘शाकाहारींसाठी.’ ‘नोकरदारांसाठी.’ एका पाटीवर तर ‘बॅचलर व एजंट यांनी बेल वाजवू नये’ असं होतं. आम्ही वाजवली नाही. कुत्राही होता.

जिथे बेल वाजवता येत होती तिथे मुलाखत. कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी ज्यांना करायची आहे त्यांनी सांगलीत आठ दिवस फ्लॅट शोधावा. अ‍ॅप्टिट्यूड, टेक्निकल, एचआर, तिन्ही राउंड होतात. वडील काय करतात? शेती किती? बागायत का जिरायत? जेवण बाहेरच ना? मित्र येणार का? (इथे आवाज खाली.) मैत्रिणी? या सगळ्याची उत्तरं आमची पाठ झाली. टॉवर तर ‘बागायत’ इतक्या जोरात म्हणायचा की समोरचा काका पुढचा प्रश्नच विसरायचा.

एक प्रश्न मात्र कोणी सरळ विचारत नाही. तो फिरून येतो. ‘गाव कुठलं?’ सांगितलं की, ‘अरे वा, आमची पाहुणेमंडळी आहेत तिथं. गावात घर कुठल्या गल्लीत?’ गल्ली सांगितली की काकांचं काम होतं. नाही झालं तर मग ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ आम्हा तिघांना हे आधी कळलंच नव्हतं. आम्हाला वाटायचं, काका मनमोकळे आहेत, गावाची चौकशी करतात. मास्तरला पहिल्या घरातच कळलं होतं. तो काही बोलला नाही एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात विश्रामबागेत एक फ्लॅट मिळता मिळता राहिला. दुसरा मजला, पूर्वेला बाल्कनी, नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, एजंट नाही. मालक रिटायर्ड, बोलायला गोड. काकूंनी चहा दिला, वर भडंग. काका स्वतः म्हणाले, ‘चौघं आरामात राहाल, पाचवी कॉट बसेल एवढा हॉल आहे.’ मग पोलीस स्टेशनला माहिती द्यावी लागते म्हणून आधारच्या झेरॉक्स मागितल्या. आम्ही दिल्या. त्यांनी त्या टीपॉयवर पत्त्यांसारख्या मांडल्या, एकेक उचलून पाहिली. तिसऱ्या झेरॉक्सवर जरा वेळ लागला. मग म्हणाले, ‘असं करा, तुमच्या तिघांना देतो. चौघांची गर्दी होते.’

कुठले तिघे, हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मास्तर उठून बुटाची लेस बांधायला लागला.

त्याचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा लगेच ‘अच्छा, म्हणून!’ म्हणेल. त्या ‘अच्छा, म्हणून’ला माझा विरोध आहे.

कोपऱ्यावरच्या टपरीवर चार कटिंग सांगितले. मास्तर म्हणाला, ‘घ्या रे तुम्ही. चांगला आहे फ्लॅट. मी कॉट बेसिसवर बघतो कुठंतरी.’ अगदी साध्या आवाजात, जर्नल कुठे ठेवलंय ते सांगावं तसा. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग अण्णाने खिशातून पेन काढलं आणि चहावाल्याच्या रद्दी कागदावर भागाकार मांडला. नऊ हजार भागिले चार, बावीसशे पन्नास. भागिले तीन, तीन हजार. ‘माझं बजेट पंचवीसशे,’ तो म्हणाला, ‘तिघांत न्हाई बसत बघ.’ टॉवरच्या गाडीचा हप्ताच तीन हजारांच्या वर आहे, पण तोही म्हणाला, ‘मलापण नाही परवडत, भावा.’ मीही मान हलवली. साडेसातशे रुपयांचा प्रश्न आम्ही तिघांनी असा काही गंभीरपणे चर्चिला की अर्थमंत्र्यांनी चर्चावा.

मास्तरने चहा संपवला, ग्लास खाली ठेवला. ‘तुमचं गणित कधीपासून एवढं पक्कं झालं रे? एम-थ्रीला दोघांची केटी होती.’

त्यावर हसलो आणि गाड्या काढल्या. हा विषय चौघांत परत निघाला नाही.

मी मात्र त्या रात्री भाड्याचा कायदा वाचत बसलो. (सबमिशनच्या आदल्या दिवशी माणसाला काहीही वाचावंसं वाटतं.) उपयोगाचं सापडलं ते सांगतो, कारण तुमच्यातले निम्मे पुढच्या वर्षी याच वाटेने जाणार. आम्हाला भेटलेले बरेच मालक म्हणत, ‘स्टँपवर लिहून घेऊ, अकरा महिनेच तर आहेत, नोंदणी लागत नाही.’ हे अकरा महिने आले १९०८च्या नोंदणी कायद्यातून. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची आहे. पण महाराष्ट्रात १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे मालक जो खर्च वाचवायला बघतो त्यात धोका त्याचाच. हे मी पुढे दोन काकांना समजावून सांगितलं. दोघांनीही फ्लॅट दिला नाही.

‘तुमच्या तिघांना देतो’ याचं मात्र कलम मला मिळालं नाही. संविधानाचं कलम १५ दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांच्याबद्दल सांगतं, भाड्याचं खासगी घर त्यात थेट आलेलं नाही. आणि कलम असलं तरी लावायचं कशाला? काका काय म्हणाले? गर्दी होते म्हणाले.

शेवटी घर मिळालं ते मारुती चौकाच्या पुढे, जुन्या गावात. भाडं सहा हजार आठशे, डिपॉझिट वीस. एवढं स्वस्त का, हे जिना चढतानाच कळतं. भिंतीवर ऑइल पेंटच्या तीन रेघा आहेत, शेजारी साल. २००५, २०२१ आणि सगळ्यात वर २०१९. कृष्णेच्या पुराच्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की ‘कसा आहेस’ म्हणत नाहीत, ‘आयर्विनला किती झालं’ विचारतात. आयर्विन पूल १९२९चा. त्याच्यापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्नच्या वर गेलं होतं. आमची खोली पहिल्या मजल्यावर, २०१९ची रेघ आमच्या दारापासून पाच पायऱ्या खाली. खालच्या मजल्यावर मालकीणकाकू एकट्या.

मुलाखतीला आम्ही तयारीने गेलो होतो. टॉवर ‘बागायत’ म्हणायला घसा खाकरून बसला होता. काकूंनी चौघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं,

‘पवाय येतंय का कुणाला?’

अण्णाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘मला येतं. आणि ह्याला.’ मास्तरकडे बोट केलं.

‘कुठं शिकलास रं?’

‘नदीतच, काकू. गावाकडं.’

‘मग बरं हाय. हे बघा पोरांनो, पाणी चढाय लागलं की गावाकडं पळायचं न्हाई. आधी माझा फ्रिज वर न्यायचा. मग शिलाई मशीन. मग देव.’

‘देव शेवटी?’ टॉवरने विचारलं.

‘देवांचं वजन किती असतंय? मी नेते की.’

काकू फार थोर वगैरे आहेत असं कोणी समजू नये. रात्री साडेदहाला गेट बंद. सोमवारी, गुरुवारी अंडं शिजवायचं नाही. मोटार किती वेळ चालली ते त्या घड्याळ लावून बघतात, आणि वायफायचा पासवर्ड आमच्याकडून घेऊन भजनं लावतात. पुराची भीती नसती तर त्यांनीही गल्ली विचारली असती का? विचारलीही असती. त्यांना दणकट पोरं हवी होती, आम्हाला घर. व्यवहार झाला.

नोंदणीसाठी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला. स्टँप ड्यूटी दोनशेच्या आसपास, नोंदणी फी हजार, वर त्याची मजुरी. आम्ही वाटून घेतले, कारण काकूंना कलम ५५ सांगण्याचं धाडस मला झालं नाही. काकूंचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेघाच गेल्यात म्हणाल्या. पदराला पुसून सहाव्यांदा लागला. मग चष्मा लावून त्यांनी करारातली चारही नावं मोठ्याने वाचली, अडनावासकट. मास्तरच्या नावापाशी थांबल्या. आम्ही तिघांनी एकदम तिकडे बघितलं. काकूंनी त्याचं आधार कार्ड हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं, परत कार्डाकडे बघितलं.

‘फोटो लई वाईट आलाय रं तुझा.’

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही फ्रिजची रंगीत तालीम घेतली. दोन मेकॅनिकलवाले असल्यामुळे आधी पाऊण तास फळी आणि दोरीवर चर्चा. कोन किती ठेवायचा, घर्षण किती धरायचं. अण्णा इलेक्ट्रिकलचा, त्याने फक्त प्लग काढला. शेवटी मास्तर म्हणाला, ‘उचला रे,’ आणि चौघांनी नुसता उचलून नेला. चौदा मिनिटं, वळणावर एक ओरखडा. काकूंनी तो ओरखडा नंतर दोन आठवडे रोज दाखवला. मशीन सहा मिनिटं. देव त्यांनी खरंच एका ताटातून स्वतः आणले आणि आमच्या प्रोजेक्टच्या मॉडेलशेजारी ठेवले.

टॉवरला पुण्यात नोकरी लागली आहे, तो जूनमध्ये वाकडला जाईल. मी आणि मास्तर गेटच्या तयारीसाठी आणखी एक वर्ष इथेच आहोत, अण्णाचं अजून ठरत नाही. म्हणजे एक कॉट नक्की रिकामी होते आहे. भाड्याचा वाटा सतराशे, लाइट बिल वेगळं, अंडं सोमवार-गुरुवार सोडून. इच्छुकांनी मेसमध्ये मला गाठावं. मुलाखत काकू घेतील. पोहता येत नसेल तर मे महिनाभर मास्तर नदीवर शिकवायला तयार आहे, फी रात्रीचा चहा.