ट्रॉलीवरचे बिऱ्हाड

दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, अहिल्यानगर अशा अवर्षणाच्या मुलखांतून निघालेले ट्रॅक्टर दरमजल करीत पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचतात, आणि त्यांच्या मागच्या ट्रॉल्यांत बांबू, चटया, ताडपत्री, धान्याची पोती, शेळ्या आणि त्या साऱ्या पसाऱ्यावर बसलेली लेकरे पाहिली म्हणजे संबंध गृहस्थाश्रमच स्थानांतराला निघाला आहे, याची साक्ष पटते. गंगानगरचा पंचगंगा, हुपरी-यळगूडचा जवाहर, शिरोळचा दत्त, कोणत्याही साखर कारखान्याच्या गाळपास ऊसतोड मजुरांच्या या कोयत्यांवाचून आरंभ होत नाही. मुक्कामाला पोहोचताच ट्रॉली रिकामी होऊन फडाकडे जाते, आणि उघड्या रानात बांबू वाकवून, वर पाचट वा प्लास्टिक पसरून कोपी उभी राहते. तिच्यात वाकूनच शिरावे लागते, आणि चूल पेटली की धुराला वाट सापडत नाही.

जी ट्रॉली हे बिऱ्हाड इतक्या दूर वाहून आणते तिच्याच मापाचे, तिच्यावर चढणारे आणि तिच्यावरून उतरणारे घर का करू नये, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुक्कामाची विद्या या भूमीला नवी नाही. शिवकालीन अठरा कारखान्यांत तंबू-राहुट्यांची निगा राखणारा फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता.

या घराच्या रचनेचे मर्म त्याच्या पायांत आहे. लोखंडी नळ्यांचा हलका सांगाडा ट्रॉलीच्या साट्यावर खिळींनी पक्का बसावा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडून, जॅकने सांगाडा वीतभर उचलून, ट्रॅक्टरने ट्रॉली त्याखालून ओढून न्यावी: घर जागच्या जागी उभे आणि वाहन मोकळे. परंतु ट्रॉलीची चाके सुखरूप बाहेर पडावयाची तर पाय चाकांच्या बाहेर पडले पाहिजेत, आणि तसे कायमचे ठेवले तर रस्त्यावर रुंदी भलतीच वाढते. म्हणून ते आत सरकणारे असावेत. दुचाकी ट्रॉलीत वजनाचा अदमासे दहावा हिस्सा पुढे हुकावर पडला पाहिजे; भार मागे गेला तर वेगात ट्रॉली डोलू लागते, यास्तव पेट्या, भांडी, धान्य हे सारे तळाशी आणि आखाच्या किंचित पुढे ठेवावे. भिंती कापडाच्या, छत वर उचलता येईल असे. प्रवासात ते खाली राहिल्याने वारा अडणार नाही आणि मुक्कामी बाईमाणसाला ताठ उभे राहता येईल. उतरलेले घर वाऱ्याने उलथू नये म्हणून चारी बाजूंस मेखा आणि दोर हवेत.

आणि याहून महत्त्वाचे, न्हाणीचा आडोसा. पहाटेच्या अंधारात उघड्यावर अंघोळ उरकून फडावर जाणाऱ्या स्त्रीला जाड कापडाचा एक पडदा मिळाला, तर तो माझ्या लेखी या साऱ्या आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग ठरेल. तान्ह्याची झोळी टांगण्यास आढ्याला एक मजबूत कडी असावी. चूल मात्र बाहेर, पुढच्या उचलत्या पडद्याखाली. घर ट्रॉलीवर असताना त्यात केवळ सामान. धावत्या ट्रॉलीत माणसे बसविण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. माणसांची बसने जाण्याची तजवीज मुकादमाने वा कारखान्याने वेगळी केली पाहिजे.

हेच घर पुराच्या दिवसांतही उपयोगी पडेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा फुगल्या तेव्हा या परिसरातील कुटुंबांना सामानसुमानासह घर सोडावे लागले. उंचावर नेऊन उतरविता येणारा निवारा गावकीकडे तयार असेल, तर त्याचे मोल त्या रात्री कळेल.

विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून कापड हा या नगराचा प्राणच झाला आहे. नळी कापणारे आणि वेल्डिंग करणारे कारागीरही इथल्या गल्लोगल्ली आहेत. म्हणून इथल्या कारखानदारांना, विणकरांना आणि वर्कशॉपवाल्यांना माझी विनंती आहे: येत्या गाळप हंगामापूर्वी असे एक घर तयार करा, ते ऊसतोड कुटुंबास राहावयास द्या, आणि त्यातील उणिवा त्या घरच्या बाईलाच विचारा.