खोनोमा : जिथे झाडच शेताला खत घालते

नागालँडची राजधानी कोहिमा मागे टाकून पश्चिमेचा रस्ता धरला, की सुमारे २० किलोमीटरवर डोंगराच्या सोंडेवर वसलेले खोनोमा दिसू लागते. अंगामी नागांचे हे जुने गाव. दगडी पायऱ्यांच्या वाटा, कोरीव वेशी आणि खाली दरीभर पसरलेली टप्प्याटप्प्यांची भातखाचरे. पर्यटकांची नजर आधी या खाचरांवरच खिळते. पण खोनोमाचे खरे नवल पाहायचे असेल, तर वरच्या उतारावरच्या शेतांत जायला हवे.

तिथे पिकांच्या मधूनमधून ठेंगणी, जाड बुंध्यांची झाडे उभी असतात. साधारण माणसाच्या उंचीवर छाटलेली, गाठाळ, वेडीवाकडी. नवख्याला वाटते, शेत साफ करताना ही तोडायची राहून गेली असावीत. प्रत्यक्षात ती जपलेली आहेत. ही आल्डरची झाडे. काही बुंधे २०० वर्षांहून जुने असल्याचे सांगतात.

मुळांतले बिऱ्हाड

हवेत नायट्रोजन ७८ टक्के असतो, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की खत कारखान्यात ते सोडवायला प्रचंड दाब आणि सुमारे ४०० अंश सेल्सियस तापमान लागते. मातीतले काही जिवाणू मात्र हेच काम गाजावाजा न करता करतात. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे रोप उपटले, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांत रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर पुरवते आणि ते रोपाला नत्र देतात.

आल्डर शेंगवर्गातला नाही. त्याच्या मुळांत फ्रँकिया नावाचा, धाग्यासारखा वाढणारा वेगळाच जिवाणू बिऱ्हाड करतो. या गाठी पोवळ्यासारख्या फुटलेल्या, लाकडासारख्या टणक असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. फ्रँकियाला मुळांतून वेगळे करून प्रयोगशाळेत वाढवणे शास्त्रज्ञांना १९७८ मध्ये जमले. खोनोमाच्या शेतकऱ्यांनी मात्र त्याचे नाव कानावर येण्याच्या कितीतरी आधी, आल्डरजवळ पीक जोमदार येते, एवढे अचूक हेरले होते.

दोन वर्षे पीक, मग विश्रांती

ईशान्येकडच्या डोंगरांत झूम शेती चालते. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन वर्षे पिकवायचा आणि मग सोडून द्यायचा. पूर्वी त्या जमिनीला दहा-पंधरा वर्षे विश्रांती मिळे. लोकसंख्या वाढली, तशी अनेक ठिकाणी ही विश्रांती चार-पाच वर्षांवर आली. माती सावरायच्या आतच पुन्हा कुऱ्हाड पडू लागली आणि उत्पन्न घटले.

खोनोमात आल्डर मुळासकट काढत नाहीत. हिवाळ्यात वरच्या फांद्या तेवढ्या छाटतात. जाड लाकूड चुलीसाठी आणि बांधकामासाठी घरी जाते, बारीक काटक्या शेतात जाळतात. पाने जळली तर त्यांतला नत्र हवेत उडून जातो. पण आधीच्या वर्षांत गळून कुजलेल्या पानांतून आणि मुळांतून मातीत उतरलेला नत्र शिल्लक राहतो. तोच मका, बटाटा, मिरची, भोपळा यांच्या वाट्याला येतो. दोन वर्षे पीक झाले, की छाटलेल्या बुंध्यांवर नवे धुमारे वाढू देतात आणि दोन ते चार वर्षांनी त्याच शेतात परततात. जिवंत मुळे उतारावरची माती धरून ठेवतात, हा आणखी एक लाभ.

छाटणी मात्र कसबाची. कोवळ्या झाडावर घाई केली किंवा घाव चुकला, तर झाड मरते. आजोबांनी राखलेले झाड नातवाने छाटायचे असते. आज गावची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी कोहिमा-दिमापूरला जातात. पुस्तकातून फ्रँकिया समजेल, पण कोयता कुठे आणि केव्हा चालवावा, हे शेतातच शिकावे लागते. ही शिकवण तुटली, तर २०० वर्षांचे बुंधेही नुसते सरपण ठरतील.

लढवय्यांचे गाव

याच गावाने नोव्हेंबर १८७९ पासून मार्च १८८० पर्यंत इंग्रजी फौजेला झुंजवले होते. पुढे १९९८ मध्ये गावाने आपल्या जंगलाचा मोठा भाग ट्रॅगोपान या दुर्मीळ पक्ष्यासाठी राखून ठेवला आणि तिथे शिकार बंद केली. शिकारीत मुरलेल्या समाजाला हा निर्णय सोपा नव्हता. आता खोनोमा देशातले पहिले हरित गाव म्हणून ओळखले जाते.

जायचे असेल तर

दिमापूरपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जाता येते. तिथून कोहिमा सुमारे ७० किलोमीटर. नागालँडसाठी इनर लाइन परमिट आधीच काढून ठेवावे. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सोयीचा. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. स्थानिक वाटाड्या जरूर घ्यावा आणि भातखाचरांची छायाचित्रे काढून झाली, की त्याला वरच्या शेतांकडे न्यायला सांगावे. मुले बरोबर असतील, तर आल्डरच्या बुंध्याशी थोडे थांबावे. शाळेच्या पुस्तकातले नत्राचे चक्र त्यांना तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळेल.