टोन शोधताना केलेल्या चुकीच्या तुलना

बेस गिटारचा आवाज मनासारखा लागेना म्हणून मी आधी तारा बदलल्या, मग अ‍ॅम्प, मग कॅबिनेट. पैसे गेले याचे वाईट वाटतेच, पण खरी उणीव वेगळी होती. दोन वस्तूंची तुलना कशी करायची, हेच मला ठाऊक नव्हते. आमच्या मालवणात दोन कॅबिनेट शेजारी ठेवून वाजवून बघता येतील असे दुकान मला कधी सापडले नाही. त्यासाठी म्हापसा किंवा कोल्हापूर, नाहीतर थेट मुंबई गाठायची, तिथे थोडा वेळ वाजवायचे आणि त्यावर निर्णय घ्यायचा. असे घेतलेले माझे बहुतेक निर्णय चुकले. हळदीच्या कार्यक्रमांत, सार्वजनिक पूजांत, नाताळात बेस वाजवू पाहणाऱ्या आमच्याकडच्या मुलांनी तरी त्या चुका पुन्हा करू नयेत, म्हणून त्या क्रमाने सांगतो.

पहिली चूक तारांची. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. त्या काळच्या फ्लॅटवाउंड तारांत पोलादी गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली असे, त्यामुळे त्या बोटाला गुळगुळीत लागत आणि आवाज गोल, मऊ येई. साठच्या दशकात रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ या बँडच्या जॉन एन्टविसलला हाताशी धरून राउंडवाउंड तारा घडवल्या. त्यांत गुंडाळलेली तार गोल असते, आवाज खणखणीत असतो आणि जास्त वेळ टिकतो. माझ्या बेसवर स्टीलच्या राउंडवाउंड तारा होत्या, कित्येक महिने वापरलेल्या. त्या काढून निकेलच्या नव्या चढवल्या आणि आवाज एकदम उजळला. निकेल स्टीलपेक्षा चमकदार असते, असा निष्कर्ष मी काढला आणि इतरांनाही ठामपणे सांगितला. वस्तुस्थिती उलट आहे. दोन्ही नव्या असतील तर स्टीलच्या तारा सहसा जास्त चमकदार वाजतात. मी नव्या आणि जुन्या तारांची तुलना केली होती आणि श्रेय धातूला दिले होते.

आमच्या किनाऱ्यावर ही फसगत लवकर होते. खारा, दमट वारा आणि हाताचा घाम यांमुळे वेढ्यांच्या फटींत मळ आणि गंज बसतो. तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, वरचे स्वर दबतात आणि सूरही नीट लागत नाही. मी तारा उकळून पाहिल्या. मळ निघाला, चमक परतली, पण गंज तसाच राहिला आणि थोड्याच दिवसांत आवाज पुन्हा बसला. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसायची आणि बेस पिशवीत बंद ठेवायचा, या साध्या सवयीने मला उकळण्यापेक्षा अधिक दिले.

नव्या तारा चढवताना मी त्यांची जाडीही बदलली होती, ४५-१०५ च्या जागी ४०-१००. ओढ कमी झाली, नेक मागे सरली आणि तारा फ्रेटला लागून खरखरू लागल्या. तारा वाईट निघाल्या असे म्हणून मी त्या काढून टाकल्या. नेकच्या आतला ट्रस रॉड किंचित सैल केला असता तर खरखर गेली असती. धातू, वय आणि जाडी अशा तीन गोष्टी एकदम बदलल्यावर कोणत्या बदलाने काय झाले, हे कुणालाच सांगता आले नसते.

दुसरी चूक अ‍ॅम्पची. दुकानात दोन अ‍ॅम्प आळीपाळीने वाजवले आणि जो भरदार वाटला तो घेतला. दोघांचे व्हॉल्यूमचे बटण एकाच आकड्यावर होते, म्हणून तुलना बरोबरीची झाली असे मी धरून चाललो. पण बटणावरच्या आकड्याला माप नसते. एका अ‍ॅम्पचा तीन दुसऱ्याच्या पाचाइतका मोठा असू शकतो. त्यात कानाचा स्वभाव वेगळा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की, हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते बाकीच्यांपेक्षा झपाट्याने वर येतात. म्हणजे मोठ्याने वाजणारा अ‍ॅम्प नुसता मोठा वाटत नाही, तो अधिक खोल आणि श्रीमंत वाटतो. मी टोन निवडला नव्हता, मोठा आवाज निवडला होता.

वॅटच्या आकड्यानेही मी असाच फसलो. २५० वॅटऐवजी ५०० वॅट घेतले की आवाज दुप्पट होईल, ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेवढेच ३ डेसिबल जास्त संवेदनशील कॅबिनेट घेऊनही मिळाले असते. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तो आकडा छापलेला होता. मी तो वाचला नव्हता.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडली. माझी सरावाची खोली स्लॅबची आणि १४ फूट लांब आहे. बेसच्या सर्वांत जाड, ‘ई’ तारेचा मोकळा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. आपल्याकडच्या उष्ण हवेत त्या स्वराची लहर साधारण २८ फुटांची होते, म्हणजे माझ्या खोलीच्या बरोबर दुप्पट. अशा खोलीत तो स्वर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. भिंतीशी उभे राहिले तर घुमतो आणि खोलीच्या मध्यावर आलो की पातळ होतो. मी भिंतीला टेकून बसत असे. घुमारा कॅबिनेटचा आहे असे समजून मी अ‍ॅम्पवरचे खालचे स्वर कमी करत गेलो आणि आवाज स्वच्छ झाला म्हणून समाधान मानले.

तीच बटणे तशीच ठेवून किनाऱ्यालगतच्या एका मोकळ्या मैदानावर लग्नाच्या कार्यक्रमाला वाजवले. तिथे भिंती नाहीत, छत नाही, खालचा स्वर परत आणणारे काहीच नाही. दुसऱ्याच गाण्याला कीबोर्डवाला वळून म्हणाला, “रे, तुझो बेस माका ऐकाकच येणा नाय!” कॅबिनेट लहान पडले असे ठरवून मी १५ इंची स्पीकरचे मोठे कॅबिनेट घेतले. मोठा स्पीकर म्हणजे जास्त खोल स्वर, हा समजही अर्धाच खरा. स्वर किती खोल मिळेल हे खोक्याच्या आतल्या जागेवर, ते बंद आहे की भोकाचे यावर आणि स्पीकरच्या घडणीवरही ठरते. अ‍ॅम्पेगचा १९६९ चा ३०० वॅटचा एसव्हीटी ज्या कॅबिनेटसाठी प्रसिद्ध आहे, त्यात १० इंची आठ स्पीकर असतात. त्याचा प्रतिसाद ४१ हर्ट्झच्या बऱ्याच वर उतरू लागतो, तरी त्यातून ‘ई’चा स्वर भरभक्कम ऐकू येतो, कारण ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे स्वर ठळक असले की मूळ स्वर कान स्वतः जुळवून घेतो. मैदानावर मला हवे होते ते मधल्या पट्ट्यातले थोडेसे बळ. त्यासाठी एक बटण फिरवणे पुरले असते.

चौथी चूक टोनची नाही, पण ती सांगितलीच पाहिजे. माझ्या ४ ओहमच्या कॅबिनेटला मित्राचे ४ ओहमचे कॅबिनेट जोडले. समांतर जोडल्यावर दोन्ही मिळून २ ओहम झाले आणि माझा अ‍ॅम्प ४ च्या खाली चालवायचा नव्हता. कार्यक्रमाच्या मध्यात तो तापून बंद पडला. स्पीकरला जोडलेली वायरही गिटारची होती, बारीक गाभ्याची. स्पीकरसाठी जाड, वेगळी वायर लागते. अ‍ॅम्प वाचला, कार्यक्रम मात्र बेसशिवाय संपला.

या सगळ्यात एक गोष्ट मी फार उशिरा लक्षात घेतली. मोठ्या कार्यक्रमात साउंडवाला डीआय बॉक्समधून बेस थेट आपल्या मिक्सरला घेतो. लोकांपर्यंत जातो तो आवाज त्याच्या मोठ्या खोक्यांतून. माझे कॅबिनेट स्टेजवरच्या चार-पाच जणांसाठी वाजत असते. ज्यावर मी सर्वांत जास्त खर्च केला, ते बहुतेक श्रोत्यांनी ऐकलेलेच नाही. त्यांनी ऐकल्या त्या माझ्या तारा, माझी बोटे आणि साउंडवाल्याचा हात.

तुलना कशी करावी, ते मला आमच्याकडच्या डबलबारी भजनातल्या पखवाजवाल्यांकडे बघून कळले. त्यांतला जाणता वादक घरून सूर लावून आला तरी त्यावर विसंबत नाही. मंडपात बसल्यावर धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. जिथे वाजवायचे तिथेच, एका वेळी एकच बदल. हेच मी बेसला लावले.

आता मी एकच ओळ, त्याच बोटांनी, त्याच जागी वाजवतो. तुलनेतल्या दोन्ही वस्तूंचा आवाज फोनमधल्या मीटरवर सारखा करून घेतो. तो मीटर खरा आकडा सांगत नसला तरी तुलनेला पुरतो. एकट्याने वाजवून निर्णय घेत नाही, ढोलकी आणि कीबोर्ड सोबत असताना घेतो. श्रोते बसतात तिथे फोन ठेवून रेकॉर्ड करतो आणि दुसऱ्या दिवशी ऐकतो.

बेस घेणाऱ्या मुलांना माझे सांगणे इतकेच. पहिला खर्च बेसच्या सेटअपवर आणि नव्या तारांवर करा. दुसरा, चांगल्या डीआय बॉक्सवर आणि योग्य वायरींवर. कॅबिनेट सर्वांत शेवटी घ्या, आणि घेण्यापूर्वी ते एकदा तरी उघड्या मैदानावर, आपल्या सगळ्या वादकांसह वाजवून बघा. तसे वाजवू द्यायला विकणारा तयार नसेल, तर ते कॅबिनेट घेऊ नका.